मदत हवी आहे: स्वीडिश मुलाला भेटतेय, पुढाकार मी घ्यायचा का?

नमस्कार मंडळी, मी नोकरीनिमित्त गोथेनबर्गला असते. इथल्याच एका मुलाला सध्या भेटतेय. फिकाला, म्हणजे कॉफी आणि दालचिनीचा बन खायला गेलो की तो त्याचे पैसे भरतो, मी माझे. परवा जेवणाचं बिल त्याने दिलं, तर मी माझा वाटा टेबलावरूनच स्विशने (इथलं मोबाइलवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप) पाठवला आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला हे मनापासून आवडतं, कुणाचं कुणावर ओझं नाही. ज्या देशात १९७१ पासून नवरा-बायकोचा आयकर वेगवेगळा धरतात आणि मुलासाठीच्या ४८० दिवसांच्या रजेतले ९०-९० दिवस आई-बाबा दोघांसाठी राखीव असतात, तिथे हे साहजिकच आहे.

अडतंय ते पुढे. भेटला की भरभरून बोलतो, पण हात धरत नाही, कौतुक करत नाही, मेसेजही मोजकेच. हा आदर समजायचा की त्याला रस नाही? इथल्या मुली सरळ विचारतात का? आणि 'आपण आता जोडी' हे बोलून ठरतं की आपोआप? स्वीडनमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे लग्न झालेल्या ताई-दादांनी प्लीज अनुभव सांगा. शनिवारी त्याने घरी जेवायला बोलावलंय.