मदत हवी आहे: एक रुपयाच्या जुन्या नोटा कशा लावायच्या?

नमस्कार मंडळी. आजोबांच्या ट्रंकेत एक रुपयाच्या 41 नोटा सापडल्या. आजी म्हणते, ओवाळणीचे पैसे ते कधीच मोडत नसत.

आतापर्यंत एवढं कळलं: बाकीच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते, एक रुपयावर मात्र 'भारत सरकार' आणि वित्त सचिवाची. म्हणून मी सह्यांवरून गठ्ठे केले. एकावर के. जी. आंबेगावकरांची सही निघाली आणि मी हरखूनच गेलो! ते 1957 मध्ये थोडे दिवस गव्हर्नरही होते, पण त्यांची सही मिळते ती एक रुपयावरच. मनमोहन सिंगांच्या सहीच्याही सहा आहेत.

अडलंय इथे. सही तीच, साल तेच, पण नंबरामागे फिकट छापलेलं इंग्रजी अक्षर वेगळं. काहींवर ते अक्षरच नाही. संग्रहात या वेगळ्या नोटा धरायच्या की एकच? तुम्ही आधी साल लावता की सही?

दुसरं, बऱ्याच नोटांना बंडलाच्या पिनेची भोकं आहेत, दोन-तीन गंजाने तांबूस झाल्यात. धुवायचं किंवा इस्त्री करायचं मनात नाही, हात लावायलाच भीती वाटते. गंज तिथेच थांबवता येतो का? आणि साध्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये नोटा चिकटतात म्हणे, तर पुण्यात चांगली पाकिटं कुठे मिळतील?

विकायच्या नाहीत, नीट जपायच्या आहेत.