मदत हवी आहे : ॲलोपेशिया असलेल्या मुलीला आधार कसा द्यावा?

माझ्या किशोरवयीन मुलीला ॲलोपेशिया एरिआटा, म्हणजेच चाई, असल्याचे निदान झाले असून आता डोक्यावरील बहुतेक केसांबरोबर भुवया आणि पापण्याही गेल्या आहेत. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा केसांच्या मुळांवरच हल्ला करते, पण मुळे कायमची नष्ट होत नसल्याने केस पुन्हा येऊ शकतात आणि पुन्हा गळूही शकतात, हे त्वचारोगतज्ज्ञांनी नीट समजावले आहे. स्टिरॉइडची इंजेक्शने घेऊन झाली. बॅरिसिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांचा विषयही निघाला होता, परंतु औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात हे कळल्यावर तिनेच सध्या नको म्हटले, आणि मला तिचे म्हणणे पटते.

त्यामुळे माझा प्रश्न उपचारांविषयी नाही (घरगुती तेले व लेप कृपया सुचवू नयेत). ज्यांनी स्वतः हे अनुभवले आहे, त्यांनी विग वापरायचा की उघड्या डोक्याने वावरायचे हा निर्णय कसा घेतला, आणि हा आजार संसर्गजन्य नाही हे वर्गातील मुलांना कोणी सांगावे, शिक्षकांनी की तिने स्वतः? नातेवाईक तिच्यादेखत हळहळतात, त्याचा तिला केस जाण्यापेक्षाही अधिक त्रास होतो. त्यांना न दुखावता कसे थांबवावे? तिच्या वयाच्या, हाच आजार असलेल्या मुलींशी बोलण्याची तिची इच्छा आहे, तेव्हा पालकांच्या देखरेखीखाली चालणारा एखादा आधारगट माहीत असल्यास अवश्य कळवावे.