जुनी जपानी अॅनिमे घरी पुन्हा पाहायची आहेत: कोणती निवडावीत आणि कशी पाहावीत?

प्रश्न

दूरदर्शनवर १९९३ साली रविवारी सकाळी मोगलीची मालिका सुरू झाली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती ५२ भागांची अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, निप्पॉन अॅनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये जपानी प्रेक्षकांसाठी तयार केली होती, हे मला फार उशिरा कळले. आता माझी लेक नऊ वर्षांची आहे. तिला दाखवण्यासाठी मूळ जपानी आवृत्तीचे काही भाग मिळवले, पण दोन गोष्टींनी विरस झाला. गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी स्वरबद्ध केलेले शीर्षकगीत हिंदी आवृत्तीसाठीच तयार झाले असल्याने ते मूळ आवृत्तीत नाही, आणि माझ्या मनात मोगली त्या गाण्यापासून वेगळा काढता येत नाही. दुसरे म्हणजे आमच्या नव्या टीव्हीवर सगळी पात्रे आडवी ताणलेली, बसकी दिसतात आणि त्यांच्या हालचाली तेलावरून घसरल्यासारख्या गुळगुळीत वाटतात. लहानपणी पाहिलेले चित्र असे नव्हते, एवढे मला पक्के आठवते.

रात्रीच्या जेवणानंतर रोज अर्धा तास आणि रविवारी एखादा चित्रपट, असा आमचा बेत आहे. माझी बहात्तर वर्षांची आईही सोबत बसते. तिला हिंदी उत्तम समजते, परंतु इंग्रजी सबटायटल्स वाचण्याचा वेग तिला साधत नाही. साधारण १९९० पर्यंतची कोणती अॅनिमे निवडावीत आणि टीव्हीचे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आधी टीव्ही नीट करून घ्या. तो तसाच राहिला, तर कोणतेही जुने अॅनिमे पाहताना हाच अनुभव येईल.

त्या काळच्या मालिका ४:३ या आकाराच्या चौकटीसाठी काढल्या जात. आजचे पडदे १६:९ आहेत. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या पर्यायांत जाऊन ४:३ किंवा 'मूळ आकार' निवडा. डावीकडे आणि उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसतील, त्या राहू द्या. पडदा भरून काढण्याचा मोह निर्मात्यांनाही आवरत नाही: २००७ मध्ये अमेरिकेत निघालेल्या 'ड्रॅगन बॉल झेड' या अॅनिमे मालिकेच्या डीव्हीडी संचांत चित्र रुंद दिसावे म्हणून ते वरून आणि खालून कापले होते. म्हणून तबकडी विकत घेताना वेष्टनावर ४:३ लिहिले आहे का, ते अवश्य पाहा.

घसरत्या हालचालींचे कारण वेगळे आहे. फिल्मवर सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) असतात, पण दूरचित्रवाणीसाठीच्या अॅनिमेत एकच चित्र बहुधा तीन चौकटी धरून ठेवत, म्हणजे सेकंदाला सुमारे आठच रेखाटने लागत. जपानी चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी १९६३ मध्ये 'अॅस्ट्रो बॉय' ही मालिका साप्ताहिक स्वरूपात सुरू केली, तेव्हा अपुऱ्या पैशांत आणि वेळेत काम भागवण्यासाठी ही पद्धत रूढ झाली, आणि पुढच्या चित्रकारांनी त्या मर्यादेतूनच थांबण्याची आणि झेपावण्याची स्वतःची लय घडवली. नवा टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रे घुसडतो आणि ती लय मोडते. ही सोय प्रत्येक कंपनी निराळ्या नावाने देते. नावात बहुधा 'मोशन' हा शब्द असतो. ती पूर्ण बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल, तर तो निवडल्यावर हे आपोआप होते. 'शार्पनेस'ही बरेच खाली आणा, म्हणजे हाताने ओढलेल्या रेषांभोवती उमटणारी पांढरी कड नाहीशी होईल.

परदेशातून तबकड्या मागवणार असाल, तर विभाग (रीजन) तपासा, कारण एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर सहसा चालत नाही. ब्लू-रेसाठी जपान 'ए' विभागात आणि भारत 'सी' विभागात येतो. डीव्हीडीसाठी जपान २ आणि भारत ५.

प्रतिसाद २

आपल्या घरातील तीन पिढ्या, रोजचा अर्धा तास आणि पुन्हा पाहण्याची ओढ, हे सारे ध्यानात घेता माझा सल्ला एकच आहे: इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केलेल्या 'हायडी' (१९७४) या, स्विस डोंगरात आजोबांकडे राहणाऱ्या मुलीच्या मालिकेपासून सुरुवात करावी आणि तिचे ५२ भाग एकही न गाळता पाहावेत.

असे आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. या मालिकेची तयारी करताना ताकाहाता, पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेले हायाओ मियाझाकी आणि पात्रांची रेखाटने करणारे योइची कोताबे हे स्वित्झर्लंडला जाऊन तिथली घरे, कुरणे, डोंगर प्रत्यक्ष पाहून आले. मुलांच्या साप्ताहिक कार्टूनसाठी असा प्रवास करण्याची तेव्हा रीत नव्हती. पुढे मियाझाकींनी सर्व भागांची दृश्यरचना केली, म्हणजे प्रत्येक दृश्यात झोपडी कुठे, उतार किती, पात्र कुठून चालत येणार, हे एकाच माणसाच्या डोळ्यांनी ठरले. त्यामुळे दहा-बारा भागांनंतर आपल्याला आजोबांच्या झोपडीची वाट पाठ झालेली असते. पहिल्याच भागात मावशीबरोबर डोंगर चढणारी हायडी अंगावर चढवलेले कपड्यांचे थर एकेक करून उतरवते आणि मोकळी होऊन बकऱ्यांमागे धावत सुटते. घडते ते एवढेच, पण त्या मुलीचा स्वभाव एकही शब्द न बोलता कळतो.

ही मालिका पाहताना घाई करू नये, कारण तिची सारी ताकद रोजच्या कामांत आहे: दूध काढणे, विस्तवावर चीज वितळवणे, माळ्यावर गवताचे अंथरूण करणे. मधल्या काळात हायडीला फ्रँकफर्टला नेतात आणि डोंगर दिसेनासा होतो, तेव्हा ती झोपेत चालू लागते. आधीचे शांत भाग 'संथ आहेत' म्हणून गाळलेल्या प्रेक्षकाला तिने काय गमावले हे समजणार नाही. मी पंचविशीत ही मालिका घाईघाईने, दोन-तीन दिवसांत सलग पाहिली आणि तिच्याबद्दल माझे मत सामान्यच राहिले. चाळिशीनंतर रोज एक भाग या वेगाने पाहिली, तेव्हा ती मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसली.

त्यानंतर 'भविष्यबालक कोनान' ('फ्युचर बॉय कोनान', १९७८) घ्यावी. मियाझाकींनी दिग्दर्शित केलेली ही पहिली मालिका, भाग फक्त २६. महायुद्धानंतर समुद्राने गिळलेल्या जगातली ही कथा धावपळीची आणि अतिशय आनंदी आहे. नऊ वर्षांच्या मुलीला ती बहुधा 'हायडी'हून अधिक आवडेल आणि त्यात काही वावगे नाही. तिसरी 'अॅन ऑफ ग्रीन गेबल्स' (१९७९), पुन्हा ताकाहाता, ५० भाग. ती मात्र लेक आणखी दोन-तीन वर्षांनी मोठी झाल्यावर पाहावी.

रविवारच्या चित्रपटांत 'माय नेबर तोतोरो' (१९८८) आणि 'कॅसल इन द स्काय' (१९८६) निःशंकपणे पाहा. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' ताकाहातांचे श्रेष्ठ काम आहे आणि तेही लेकीला आपल्या सोबतीने दाखवावे, असे मला वाटते.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादातील शेवटच्या सूचनेशी मी अजिबात सहमत नाही. 'तोतोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' १६ एप्रिल १९८८ या एकाच दिवशी, जोडीने प्रदर्शित झाले, त्यामुळे ते एकत्र सुचवले जातात हे खरे. परंतु दुसऱ्या चित्रपटात १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत कोबे शहर जळते आणि भावासोबत राहणारी लहानगी बहीण उपासमारीने हळूहळू खंगत जाते, हे सारे विनाआडोसा दाखवले आहे. ताकाहातांनी मुलाचा मृत्यू सुरुवातीलाच दाखवला आहे, त्यामुळे मोठ्या प्रेक्षकाला पुढचे सारे अधिक जड होते आणि मुलाला तर धरायला आधारच उरत नाही. प्रथम आपण एकट्या पाहा आणि मग ठरवा. माझ्या मुलाला मी तो चौदाव्या वर्षी दाखवला.

प्रतिसाद ४

आपल्या आईंसाठी एक वेगळी सूचना आहे. युगो साको, कोइची सासाकी आणि आपल्याकडील अॅनिमेशनचे आद्य गुरू राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरचा जपानी चित्रपट (१९९२) हिंदीत उपलब्ध आहे. जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज आहे. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीसह भारतातील चित्रपटगृहांतही आला होता. आजी-नातीने एकत्र पाहण्यासाठी याहून योग्य सुरुवात मला सुचत नाही.

बाकीच्या मालिकांसाठी आमच्या घरात एक पद्धत रुळली आहे. मूळ जपानी आवाज थोडा कमी करून मी सबटायटल्स मराठीत मोठ्याने सांगत जाते. पहिले दोन दिवस अडखळायला झाले, नंतर जमले. सासूबाई आता पात्रांच्या आवाजावरूनच राग की लाडीगोडी हे ओळखतात आणि मी चुकले, तर मला सांगतात. इंग्रजी डबिंग शक्यतो टाळा, कारण जुन्या डबिंगमध्ये मूळ शांततेच्या जागी संवाद किंवा संगीत भरलेले आढळते. मियाझाकींच्या 'नाऊसिका' (१९८४) या चित्रपटाचा तर अमेरिकेत आधी वीसहून अधिक मिनिटे कापलेला अवतार दाखवला गेला होता. तो कुठे सापडल्यास घेऊ नका.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल टीव्हीची ती 'मोशन' सोय बंद केली, चौकट ४:३ केली आणि 'हायडी'चा पहिला भाग लावला. काळ्या पट्ट्यांबद्दल लेकीने एकदाच विचारले, नंतर तिचे त्यांच्याकडे लक्षही गेले नाही. संवाद मी मराठीत सांगितले. हायडीने कपडे उतरवून डोंगरावर धाव घेतली, तेव्हा आई एकदम म्हणाली, "सोडलंन् बाई ओझं," आणि मी पुढचे दोन संवाद सांगायचेच विसरले. 'फायरफ्लाइज' मी एकटी पाहीन. एक शंका राहिली: 'हायडी'च्या चित्रात बारीक दाणे हलताना दिसतात. प्रत खराब आहे का?

प्रतिसाद १

नाही, ते फिल्मचेच दाणे आहेत. रंगवलेली पारदर्शक प्लास्टिकची पाने पार्श्वभूमीवर ठेवून त्यांचे एकेक चौकटीने फिल्मवर छायाचित्रण होत असे, म्हणून ते उमटतात. टीव्हीतील 'नॉईज रिडक्शन' चालू केल्यास दाणे जातील, पण त्यांच्यासोबत पेन्सिलीच्या बारीक रेषा आणि गवताची पातीही पुसली जातील. ते बंदच ठेवा.