लढाईवर असलेल्या मुलाला घरची वाईट बातमी कळवावी की नाही?

थोरली बहीण

माझं मत आधीच सांगते: कळवावी. लपवू नये. का ते सांगते, मग खुशाल भांडा.

माझा धाकटा भाऊ सीमेवर लढाईत होता. तो गेल्यावर दुसऱ्या महिन्यात आजी गेली. घरात ठरलं, त्याला आत्ता सांगायचं नाही. ठरवणाऱ्यांत मीही होते. तो आठ-पंधरा दिवसांनी, जमेल तेव्हा फोन करायचा आणि शेवटी हमखास म्हणायचा, "आजीला दे ना." आम्ही म्हणायचो, झोपलीये. आत्ताच औषध घेतलंय. तिला आता फोनवर नीट ऐकू येत नाही. पत्र आलं की त्यात खाली तिच्यासाठी दोन ओळी असायच्या, चांगल्या मोठ्या अक्षरात, तिला वाचता याव्यात म्हणून. आई ती पत्रं तिच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवायची. बाकी कुठे ठेवणार?

तो परत आला तेव्हा तिच्यासाठी दिवा असलेलं भिंग घेऊन आला होता. दारातच आईचा चेहरा बघून त्याला कळलं. रडला नाही. एवढंच विचारलं, "तारीख कोणती?" मग तिथेच खुर्चीत बसून बोटांवर मोजत राहिला. नऊ फोन झाले होते मधल्या काळात. नऊ वेळा त्याने तिला विचारलं होतं आणि नऊ वेळा आम्ही काहीतरी सांगितलं होतं.

आता तो पुन्हा गेलाय. आई फोनवर म्हणते, "सगळं ठीक आहे रे." तो म्हणतो, "ताईला दे." आणि मला विचारतो, "आईने काय सांगितलं ते ऐकलं मी. तू सांग." त्याला तिथे धीर द्यायला आमच्याकडे हे एकच वाक्य होतं. ते आम्हीच निकामी केलं.

माजी सैनिक

ताई, तुमच्या घरी झालं ते वाईटच. पण मी दुसऱ्या बाजूला उभा होतो, म्हणून स्पष्ट बोलतो. सांगू नये.

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्याचं पत्र मला चौकीवर मिळालं. रस्ता बंद, रजेचा प्रश्नच नाही. तीन रात्री मी पहाऱ्यावर होतो, पण डोक्यात आमच्या घराचा जिना होता. वडिलांना त्या अरुंद वळणावरून खाली कसं आणलं असेल, पाय कोणी धरले असतील, आई पुढे होती की मागे, हेच. चौथ्या रात्री समोर हालचाल झाली ती माझ्याआधी शेजारच्याने पाहिली. त्याने पाहिली म्हणून आज हे लिहितोय. मी झोपलो नव्हतो, डोळे उघडे होते. मन तिथे नव्हतं.

घरच्यांना वाटतं बातमी एकट्या मुलाला सांगितली. तिथे ती बातमी सगळ्या तुकडीच्या वाट्याला येते. माणसाला काही करता येत असेल तर जरूर सांगा. करता येण्यासारखं काहीच नसताना नुसतं कळणं ही शिक्षा आहे.

सैनिकाची बायको

दादा, तुमचं पटतं, पण एक विचारते. लपवायचं काम कोण करतं?

आमच्याकडे मुलाचं ऑपरेशन झालं तेव्हा सासूबाईंनी बजावलं, त्याला एक शब्द कळता कामा नये. ठीक. मग फोनवर हसऱ्या आवाजात बोलायचं कोणी? मी. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून "शाळेत गेलाय" म्हणायचं कोणी? मी. त्या पंधरा दिवसांत नवऱ्याशी बोलणं हाच मला सगळ्यात जड वाटणारा भाग होता. एरवी त्याच फोनवर माझा आठवडा निघायचा.

आणि लपून राहिलंच नाही. नात्यातल्या कोणीतरी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "लवकर बरा हो बाळा" असं लिहिलं. चार दिवसांनी त्याला नेटवर्क मिळालं, सगळे मेसेज एकदम आले, त्यात हाही. काय झालंय, कधी झालंय, मूल आहे की गेलं, काही कळायला मार्ग नाही. पुन्हा नेटवर्क मिळेपर्यंत अख्खा दिवस गेला. तो दिवस त्याने कसा काढला हे त्याने मला अजून सांगितलेलं नाही.

आता लपवणं आपल्या हातात उरलेलंच नाही. आपल्याकडून कळायचं की कुठूनतरी अर्धवट, एवढंच आपल्या हातात आहे.

जुनी पत्रं वाचणारा

हा वाद शंभर वर्षांपूर्वीही असाच होता, म्हणून थोडं लांबवर लिहितो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना एक छापील कार्ड मिळायचं. "मी अगदी बरा आहे", "मला इस्पितळात दाखल केले आहे", "तुमचे पत्र मिळाले", "बरेच दिवसांत तुमचे पत्र नाही" अशी वाक्यं तयारच असत. नको ती खोडायची, तारीख घालायची, सही करायची. आणखी एक शब्द जरी लिहिला तरी कार्ड नष्ट केलं जाईल, असं वरच छापलेलं असे. म्हणजे "सगळं ठीक" हे खोटं तिकडूनही यायचं, तेही सरकारी छपाईत.

उलट दिशेनेही तेच. जर्मनीत घरून जाणाऱ्या तक्रारीच्या पत्रांना "याम्मरब्रीफे" म्हणत, म्हणजे रडगाण्याची पत्रं. अन्नटंचाईने घरं पिचलेली असताना बायकांना सांगितलं जात होतं की असं लिहू नका, आघाडीवरच्यांचा धीर खचतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतही घरच्यांना हाच सल्ला होता: आनंदी पत्रं लिहा.

पण माणसं वाट काढतातच. 1914-15 मध्ये फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचत. काहींनी त्यावर उपाय शोधला होता: काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरी म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. विचार करा, ज्याला लिहिता येत नाही तो दुसऱ्याकडून लिहून घेतोय, गावात ते कोणीतरी चारचौघांत मोठ्याने वाचतंय, मधे सेन्सॉर बसलाय, आणि तरीही त्याला घरी खरं कळवायचंय. खरं सांगण्याची ही भूक मला फार मोठी वाटते.

माजी सैनिक म्हणतात ते मी खोडू शकत नाही, मी कधी पहाऱ्यावर उभा राहिलेलो नाही. पण "लपवलं की मन स्थिर राहतं" हे या पत्रांवरून तरी दिसत नाही. घरून काहीच कळलं नाही की माणूस वाईटातलं वाईट धरून चालतो. त्या कार्डावर "बरेच दिवसांत तुमचे पत्र नाही" हे वाक्य छापून ठेवावं लागलं, यावरूनच समजा.

दोघांची आई

माझे दोन्ही मुलगे तिकडे आहेत. मला इतिहास नको, कृपा करून रागावू नका.

सांगणं म्हणजे खरेपणा आणि लपवणं म्हणजे फसवणूक, असं जे इथे चाललंय ते मला मान्य नाही. मुलाला सांगून आपलं मन हलकं होतं. आपलं. त्याचं नाही. आई म्हणून मला काही सोसायचं असेल तर ते हेच आहे की मी ते खाली ठेवायचं नाही.

इकडे घर कसं चालतं ते सांगू का? संध्याकाळनंतर दाराची बेल वाजली की हे आणि मी एकमेकांकडे बघतो. दोघांपैकी कोणी उठायचं हे काही सेकंद ठरत नाही. ओळखीच्यांना सांगून ठेवलंय, येण्याआधी फोन करत जा. बातम्या हे आवाज बंद करून बघतात आणि मी आत आले की चॅनल बदलतात. धाकट्याचा शर्ट खुंटीवर आहे तो मी धुतलेला नाही. फोन उशाशी असतो, अंघोळीला जाताना बरोबर असतो. हे सगळं मी मुलांना कळवू? कशासाठी? परत आले की सांगेन, तोवर माझ्यापाशी राहू दे.

आता खरी गोष्ट. यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया येत्या गुरुवारी आहे. हे स्वतःच म्हणतात, पोरांना सांगू नकोस. तुम्ही मला सांगणार की त्यांचं ऐकू नका?

थोरली बहीण

काकू, बेलचं वाचलं आणि बराच वेळ पुढे लिहवेना. आमच्याकडे आई खिडकीच्या फटीतून आधी खाली बघते.

तुमचा शर्ट, तुमची बेल, हे नका सांगू. ते मी कधीच म्हणणार नाही. रोजची काळजी वेगळी आणि घरात कोण आहे, कोण नाही, हे वेगळं. दुसऱ्या गोष्टीवर त्याचा हक्क आहे. माझ्या भावाचं दुःख आजी गेल्याचं होतंच, पण नंतर एकदा तो म्हणाला, "मी चार महिने त्या घरी फोन करत होतो जे घर नव्हतंच."

दादांचं म्हणणं मला सोडवत नाही, म्हणून एक सुचवते. अमेरिकेत अशी बातमी रेड क्रॉस आधी दवाखान्याकडून पडताळून घेतं आणि ती त्या सैनिकाच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचवतं. मग त्याला कधी, कुठे सांगायचं ते वरिष्ठ बघतात. पहाऱ्यावर असताना हातात कागद पडत नाही. आपल्याही मुलाच्या युनिटला आधी कळवता येतंच की.

माजी सैनिक

हे मला तेव्हा मिळालं असतं तर फरक पडला असता, एवढं कबूल करतो. आमच्या साहेबांनी कळल्यावर मला दोन रात्री पहाऱ्यावरून काढलं होतं. पण त्यांना कळलं चौथ्या रात्रीनंतर. घरून पत्र मला आलं होतं, त्यांना नाही.

तरी सांगतो, सगळे वरिष्ठ सारखे नसतात आणि लढाईत दोन रात्री द्यायला माणसं असतातच असं नाही. काकूंच्या जागी मी असतो तर शस्त्रक्रिया होईपर्यंत थांबलो असतो.

सैनिकाची बायको

काकू, थांबायचं असेल तर थांबा. पण नात्यात ज्यांना ज्यांना माहीत आहे त्यांना आजच ताकीद द्या, कोणी कुठेही लिहायचं नाही. आणि काकांना सांगा, मुलांना आवाज ऐकवायचा तो त्यांनी स्वतः ऐकवायचा. "बाबा झोपलेत" असं तुम्ही एकदा म्हणालात की पुढच्या फोनलाही तेच म्हणावं लागतं.

दोघांची आई

मी अजूनही सांगायच्या बाजूची नाही. पण "झोपलेत" हे मी गेल्या रविवारी म्हणून झालंय. थोरला गप्प झाला होता. मला वाटलं लाइन गेली.

हे आत्ता जागे आहेत. युनिटचा नंबर यांच्या डायरीत आहे. डायरी मागायला जातेय.