मदत हवी आहे: आईचं खुब्याचं ऑपरेशन, टाके भरायला काय खायला घालू?

टेकडीवरचा
आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, "सगळं द्या, प्रोटीन वाढवा," आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली. मदतीला आत्या आलीय. तिच्या मते आंबट बंद, नाहीतर टाके पिकतात. वांगं बंद, बटाटा बंद, तूरडाळ वातूळ म्हणून बंद, दह्याचं तर नाव काढायचं नाही. उरला मऊभात आणि मुगाचं पाणी. आई तेही दोन घास खाते आणि ताट सरकवते. जखम आणि हाड लवकर भरायला नेमकं काय करून घालू? थिअरी नको, पदार्थ सांगा. आज संध्याकाळपासून सुरू करायचंय.

हिंगाष्टक
वय? वजन? शुगर? किडनी? प्लेट टाकलीय की बॉल बदललाय? अंडं-मासे चालतात का? हे न सांगता पदार्थ कसे सांगायचे?

टेकडीवरचा
वय ७४. बॉल बदललाय. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. बाकी काही नाही. आता सांगा.

कोल्हापूरचा_रस्सा
पाया सूप. दुसरं काही बघू नका. आमच्या वडिलांचा पाय मोडला तेव्हा आईने चुलीवर रात्रभर पाये शिजत ठेवले होते. दीड महिन्यात वडील शेतावर.

हिंगाष्टक
वर 'पूर्ण शाकाहारी' लिहिलंय.

कोल्हापूरचा_रस्सा
औषध म्हणून घ्यायला काय होतं?

माजघर
टेकडीवरचा, डिंकाचे लाडू करा. बाळंतिणीला देतो तेच. डिंक तुपात फुलवून, खारकेची पूड, सुकं खोबरं, खसखस, गूळ. डिंक जसा चिकटतो तसं हाड सांधतं. सकाळी एक लाडू, वर कपभर दूध. हळिवाची खीर पण द्या, रक्त वाढतं.

तिरपी_रेघ
माजघर, लाडू उत्तमच, पण डिंक पोटात जाऊन हाडं चिकटवत नाही हो. तो झाडाचा चीक, म्हणजे विरघळणारा तंतू. लाडवातून ताकद मिळते ती तूप, खोबरं आणि खारकेची. कमी जेवणाऱ्या माणसाच्या पोटात एवढ्याशा लाडवातून बऱ्याच कॅलरी जातात, हा खरा फायदा. पाया सूपचंही तेच. त्यात मुख्यतः जिलेटिन उतरतं आणि त्यात ट्रिप्टोफॅन हा प्रोटीनचा एक आवश्यक घटक नसतो, म्हणून ते एकटं पुरं प्रोटीन नाही. हाडातलं कॅल्शियमही रश्श्यात फारसं उतरत नाही. गरम, चविष्ट, घशाखाली सहज जातं, एवढं मात्र खरं.
आता मूळ प्रश्न. मुगाच्या पाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच, ते खाली बसलेल्या डाळीत राहतं. डाळ घोटून घट्ट करा. वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम, २०० मिली दुधात साधारण ६, मूठभर दाण्यांत ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर या वयात आजारातून उठताना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतं. ५० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७५. मऊभात आणि मुगाच्या पाण्यावर हे गणित कधीच बसणार नाही.
आंबटाने टाके पिकत नाहीत. जखम पिकते जंतूंमुळे. उलट नवी त्वचा धरायला कोलॅजेन हे प्रोटीन लागतं आणि ते बनवायला व्हिटॅमिन सी. लिंबू, आवळा, पेरू द्या. पेरूत संत्र्याच्या चौपट सी असतं. बिया नको असतील तर गर गाळून घ्या. मात्र जखम लाल, गरम झाली, पाणी सुटलं, ताप आला तर खाण्यापिण्याचा विचार बाजूला ठेवून सर्जनना फोन.

साळुंकी
आंबटाचं मला पटत नाही. माझ्या अपेंडिक्सच्या वेळी कैरीचं लोणचं खाल्लं आणि दुसऱ्याच दिवशी टाक्यातून पू. पुस्तकं काहीही सांगोत.

तिरपी_रेघ
पू एका रात्रीत लोणच्यातून येत नाही. आधीच आत तयार होत असणार.

साळुंकी
तुम्ही आत बघून आलात वाटतं.

कांडवेल_प्रेमी
सगळे मूळ गोष्ट विसरलात. कांडवेल! हाडजोड म्हणतात ते उगाच का? कुंडीत लावा, कोवळी कांडी तुपात परतून चटणी. मी स्वतः खातो.

हिंगाष्टक
कच्ची राहिली तर जीभ-घसा खाजून जीव जातो, हेही लिहा. ७४ वर्षांच्या बाईवर प्रयोग नको.

जर्सी_सिटीतून
इथे आम्ही सगळे व्हे प्रोटीन घेतो. शिवाय मी सोळा तास उपास आणि आठ तास खाणं असं सुरू केलं, वजन एकदम उतरलं, गुडघे हलके झाले. काकूंनाही सांगून बघा.

हिंगाष्टक
काकू जेवत नाहीत हाच तर प्रश्न आहे. त्यांना आणखी उपास?

टेकडीवरचा
मंडळी, धागा भरकटतोय. वरण घट्ट केलं, आत्या तोंड फुगवून बसली. आईने तेही अर्धी वाटीच खाल्लं. नाचणीचं सत्त्व, शिरा, उपमा, सगळं करून झालं. रोज खाते ते फक्त सकाळी आत्याने दिलेला शेवग्याच्या पाल्याचा रस. कोणीतरी आत्याला सांगितलंय की हाडांना चांगला. तो रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर दिल्याने पित्त होत असेल का? भूक त्यामुळे गेली असेल का?

एक_गोळी_सकाळी
थांबा. रक्त पातळ करायची गोळी? वर "बाकी काही नाही" लिहिलं होतंत. गोळीचं नाव सांगा. कशासाठी चालू आहे? आणि पाल्याचा रस कधीपासून?

टेकडीवरचा
ॲसिट्रॉम. हृदयाची झडप बदललेली आहे, जुनी गोष्ट. ऑपरेशनच्या वेळी बंद करून पोटात इंजेक्शनं दिली, मग परत सुरू केली. रस घरी आल्यापासून. शुगर थोडी आहे, पण ती या वयात सगळ्यांनाच असते. याचा खाण्याशी काय संबंध?

एक_गोळी_सकाळी
मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. ॲसिट्रॉम आणि वॉरफरिन या गोळ्या व्हिटॅमिन के चं काम अडवून रक्त पातळ ठेवतात. हिरव्या पाल्यात तेच के भरपूर असतं. एरवी पालेभाजी न खाणाऱ्या माणसाला अचानक रोज पेलाभर पाल्याचा रस दिलात तर गोळीचा जोर उतरतो आणि धातूच्या झडपेवर गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर काय होतं ते लिहायला नको. याचा अर्थ पालेभाजी बंद असा नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच ठेवायची आणि गोळीचा डोस त्या हिशोबाने बसवायचा. आज रस थांबवा, उद्या सकाळी आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी, आकडा कमी म्हणजे गोळी कमी पडतेय) करा, रिपोर्ट घेऊन हृदयाच्या डॉक्टरांना फोन. गोळी मनाने कमी-जास्त करू नका.
हे सगळ्या 'पातळ' गोळ्यांना लागू नाही. ॲस्पिरिन किंवा रिव्हॅरॉक्सॅबॅन, एपिक्सॅबॅन या नव्या गोळ्यांना पालेभाजीचं असं पथ्य नसतं. हळदीच्या कॅप्सूल आणायच्या विचारात असाल तर नको, भाजीतली हळद चालते. पित्ताचं डॉक्टरांनाच विचारा, पण रस-गोळी एकत्र हे पित्ताचं कारण नाही वाटत.

माजघर
अगं बाई, म्हणजे आमचा अळू, मेथी सगळं धोक्यात. आणि शुगर असेल तर लाडवात गूळ नको का?

तिरपी_रेघ
गूळही साखरच. लाडू लिंबाएवढा करा, खारकेचा गोडवा पुरतो. खाण्याच्या वेळा डॉक्टरांना सांगून शुगरची गोळी बसवून घ्या. फक्त शुगरच्या भीतीने आत्ता उपाशी ठेवू नका.

ओटीवरची_शेवंती
सगळं वाचलं. टेकडीवरचे, एक विचारते, राग मानू नका. आई जेवत का नाहीत, हे त्यांना कोणी विचारलंय का? माझ्या सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा त्या अशाच ताट सरकवायच्या. आम्ही खिचड्या, सूप, नाना प्रकार केले. एक दिवस त्यांनी मोलकरणीला सांगितलं, "खाल्लं की जावं लागतं." भांडं मागायची लाज आणि मुलासमोर तर नकोच. पाणीही कमी केलेलं. दुखण्याच्या आणि लोहाच्या गोळ्यांनी पोट गच्च, मग पुढच्या घासाची भीतीच. तुमच्याकडे दिवसा कोण असतं? भांडं कोण देतं?

टेकडीवरचा
दिवसा मी आणि आत्या. बायको ऑफिसला. आत्याला वाकता येत नाही, म्हणून भांडं मीच देतो. आईने तसं काही म्हटलं नाही.

ओटीवरची_शेवंती
ती म्हणणार नाही हो. सकाळ-संध्याकाळ दोन तास बाई लावा. सर्जननी उभं राहायला परवानगी दिली असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते, पलंगाशेजारी ठेवता येते. उंच सीट घ्या, खुबा वाकवायचा किती हे फिजिओला विचारून. पोट साफ व्हायला औषध डॉक्टरांकडून घ्या. पपई, भिजवलेल्या मनुका, पाणी वाढवा. इसबगोल दिलं तर भरपूर पाण्याबरोबर आणि गोळ्यांपासून दोन तास लांब. घास वाढवायचा आग्रह त्यानंतर.

कोल्हापूरचा_रस्सा
पटलं शेवंतीताई. आमच्या वडिलांना पाय मोडूनही परसाकडे नेणारे चार पोरगे होते, म्हणून ते जेवत होते बहुतेक.

टेकडीवरचा
अपडेट. आयएनआर १.६ आला. डॉक्टरांना २.५ च्या वर हवा होता. डॉक्टरांनी डोस बदलला, परत तपासायला सांगितलंय. आत्याला त्यांच्याच तोंडून ऐकवलं, तेव्हा पाल्याचा रस बंद झाला, पण दह्यावर ती अजून ठाम आहे. बाई मिळाली, खुर्चीही आणली. काल आईने स्वतःहून वरणभात मागितला, वर लिंबू पिळून. आत्या उठून बाल्कनीत गेली. एक शंका: लोहाची गोळी दुधाबरोबर चालेल का? आत्या तशी देते.

एक_गोळी_सकाळी
नाही. दूध आणि चहा दोन्ही लोह शोषू देत नाहीत. लिंबूपाण्याबरोबर द्या. गोळीने मळमळत असेल तर जेवणानंतर, पण दुधापासून दोन तास लांब.

साळुंकी
लिंबूपाणी? टाक्यांवर? मी सांगून ठेवतेय.

माजघर
टेकडीवरचा, लिंबाएवढ्या लाडवांना गूळ न घालता पाक कसा धरतो ते मला कोणीतरी सांगा, मी आजच करायला घेतलेत आणि सगळे फुटतायत.

तिरपी_रेघ
पाक नाहीच करायचा. बिया काढलेला ओला खजूर तुपात मऊ करा, त्यात सगळं मळून गरम असतानाच वळा. शुगरवाल्यांना एकच.