आधी व्याख्यान, मग जेवण
एकांची तक्रार आहे की क्लबात व्याख्यानाला पाहुणा वक्ता बोलावला तरी सभासद जेवणापुरतेच उगवतात. आमच्या क्लबातही तेच व्हायचं. मग व्याख्यान साडेसहाला आणि जेवण आठला, असं ठरवलं. वक्त्याला ४० मिनिटं, उरलेला वेळ प्रश्नांना. खरी रंगत प्रश्नांतच येते, तीच चर्चा पुढे पंगतीत चालते! वक्त्याला मात्र पदाधिकाऱ्यांच्या गराड्यात अडकवू नका, सभासदांमध्ये बसू द्या.

आणि बाहेरच्यांनाही येऊ द्या, हे कळकळीने सांगतो. मुंबईचा भायखळा क्लब फक्त युरोपियनांचा होता. १९१८ साली विलिंग्डन क्लब निघाला तो भारतीयांना आणि युरोपियनांना एकत्र बसता यावं म्हणून. निदान व्याख्यानाच्या दिवशी तरी प्रत्येक सभासदाला दोन पाहुणे आणू द्यावेत.