लिंबू-मिरची आणि शेपटीचं चाक

*ए-१०२ ताई:* पार्किंगमधल्या नव्या स्कूटरला लिंबू-मिरची कुणी बांधलीय? शिकलेली माणसं ना आपण?

*सी-३०४ दादा:* आईने बांधली हो. मी नको म्हणत होतो 🙏

*बी-४०२ काका:* ताई, शिक्षणाचं काढू नका. मी एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होतो. दसऱ्याला टूलबॉक्सला हळदकुंकू वाहिल्याशिवाय आम्ही पाना उचलत नसू. आणि गोरे तर आपल्याला भारी! दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची, म्हणजे शत्रूवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानदलाची पोरं खिशात सशाचा पाय, छोटं टेडी बेअर घेऊन उडायची. कुणी मैत्रिणीचा मोजा गळ्यात गुंडाळायचा.

*सी-३०४ दादा:* मोजा?? 😂

*बी-४०२ काका:* ऐक पुढे. चढण्याआधी काही क्रू विमानाच्या शेपटीच्या चाकावर लघवी करायचे. शकुन म्हणून!

*ए-१०२ ताई:* शी! काका, ग्रुपवर मुलं आहेत.

*बी-४०२ काका:* मग आकडे सांगतो. साधारण सव्वा लाख वैमानिक-क्रू, त्यातले ५५,५७३ मेले. एक टूर, म्हणजे एका नेमणुकीत ठरलेले हल्ले, ३०. आज आपला नंबर लागणार की नाही, हे कौशल्यावर थोडंच, बाकी नशिबावर. अशा वेळी लिंबू काय आणि टेडी काय.

*डी-२०१ काकू:* जपानमध्ये बायका युद्धावर जाणाऱ्या सैनिकांसाठी करायच्या ते 'सेननिनबारी' माहितीय? पांढऱ्या पट्ट्यावर हजार बायकांनी लाल दोऱ्याची एकेक गाठ मारायची. आई, बहीण, बायको रस्त्यात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विनवायच्या. तिथे वर्षांना प्राण्यांची नावं असतात; वाघाच्या वर्षात जन्मलेलीला मात्र वयाइतक्या गाठी मारायची मुभा, कारण वाघ हजार कोस जाऊन परत येतो म्हणे. वैमानिकसुद्धा तो कमरेला बांधायचे.

*ए-१०२ ताई:* हे वेगळं आहे हां. एवढ्या अनोळखी बायका थांबल्या, हेच खूप.

*सेक्रेटरी:* ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. उद्या टाकी धुणार, ११ ते २ पाणी नाही.

*बी-४०२ काका:* बरं. पण जॉन मॅगी या वैमानिक कवीचं सांगतोच. शांघायला जन्मला, वडील अमेरिकन मिशनरी. जपानी सैन्याने चीनमधल्या नानजिंगमध्ये केलेल्या कत्तलीचं चित्रण केलं ते हेच वडील. अमेरिका युद्धात नव्हती म्हणून पोरगा कॅनडाच्या हवाई दलात शिरला. १९४१ मध्ये स्पिटफायर हे लढाऊ विमान उंच नेल्याच्या आनंदात १४ ओळींची कविता लिहिली आणि घरच्या पत्रासोबत पाठवली, 'हाय फ्लाइट'. ११ डिसेंबरला इंग्लंडवर ढगातून खाली येताना दुसऱ्या विमानाशी टक्कर. वय १९. अमेरिकेवर पर्ल हार्बरचा हल्ला होऊन चारच दिवस झाले होते.

*सी-३०४ दादा:* १९??

*बी-४०२ काका:* हो. कवितेत युद्धाचं नावही नाही बरं का, नुसतं उडणं. १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयान कोसळल्यावर अमेरिकेचा अध्यक्ष रेगनने भाषणात त्यातलेच शब्द घेतले.

*डी-२०१ काकू:* आईवडिलांनी ते पत्र किती वेळा उघडलं असेल…

*सी-३०४ दादा:* ताई, लिंबू-मिरची सीटखाली ठेवली तर चालेल का? आई रोज खाली येऊन बघते.

*ए-१०२ ताई:* ठेव. पण प्लास्टिकच्या पिशवीत. वास यायला नको.